भोपळ्याचे खमंग काप

(तांबडा भोपळा ही आपल्या बाजारात बारा महिने मिळणारी भाजी आहे. तरी मुलांना ती फारशी आवडत नाही. या पाठात भोपळ्याचे काप भाजून कसे करावेत, ते खमंग का होतात आणि कधी कधी मऊ का पडतात, याची माहिती दिली आहे. पाठ वाचताना स्वयंपाकातील मराठी शब्दांकडे विशेष लक्ष द्या.)

तुमच्यापैकी बरेच जण पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या भागांत राहतात. आपला हा भाग कारखान्यांचा आहे. पूर्वी येथे पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठी लहान लहान गावे होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना उभा राहिला. पाठोपाठ इतर कारखाने आले. १९७० साली येथे नवनगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक अशा अनेक भागांतून लोक कामासाठी येथे आले.

कारखान्यात काम पाळ्यांमध्ये चालते. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी. कोणाचे अब्बा दुपारी कामावर जातात आणि मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतात. कोणाची अम्मीही कामाला जाते. तुम्ही शाळेतून घरी येता तेव्हा घराला कुलूप असते. पोटात भूक असते आणि खिशात पाच-दहा रुपये असतात. मग पाय आपोआप कोपऱ्यावरच्या गाड्याकडे किंवा दुकानात टांगलेल्या पाकिटांकडे वळतात. पाकीट संपते, भूक मात्र तशीच राहते. तासाभराने पुन्हा काही तरी खावेसे वाटते. महिन्याच्या शेवटी हिशेब केला, तर या पाकिटांवर बरेच पैसे गेलेले दिसतात. तेवढ्या पैशात घरात कितीतरी भाजी आली असती.

तळलेले पदार्थ चवीला छान लागतात, हे खोटे नाही. पण रस्त्यावर एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते. असे तेल काळपट, दाट होते आणि त्याचा फेस येतो. त्यात शरीराला अपायकारक घटक वाढत जातात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ सालापासून या तेलाला मर्यादा घातली आहे. तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर ते तेल तळणासाठी वापरता येत नाही. गाड्यावर उभे राहून हे घटक कोण मोजणार? त्यापेक्षा आपल्याला खमंग खाणे घरीच करता आले तर किती बरे!

आज आपण असाच एक पदार्थ शिकणार आहोत. त्याचे नाव आहे भोपळ्याचे काप.

एक भाजी, अनेक नावे

भोपळ्याचे नाव काढताच काही मुले हसतात. उर्दू-हिंदीत मठ्ठ माणसाला ‘कद्दू’ म्हणून चिडवतात. मराठीतही या भाजीच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. परीक्षेत शून्य गुण मिळाले, तर ‘भोपळा मिळाला’ असे म्हणतात. एखाद्याची खोटी समजूत दूर झाली, तर ‘भ्रमाचा भोपळा फुटला’ असे म्हणतात. ज्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही, त्यांच्यात ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ आहे असे म्हणतात. विळा भोपळ्याला कापतो, मग त्यांची मैत्री कशी होणार?

पण ‘कद्दू’ म्हणजे नक्की कोणती भाजी? घरात विचारून पाहा. मराठवाड्यातून किंवा हैदराबादकडून आलेल्या अनेक घरांत ‘कद्दू’ म्हणजे हिरवा, लांबट दुधी. दालच्यात घालतात तो. उत्तर प्रदेशातून आलेल्या घरात ‘कद्दू’ म्हणजे बहुधा आतून केशरी असलेला गोल भोपळा. दिल्लीकडे याच गोल भोपळ्याला ‘सीताफल’ म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात सीताफळ हे गोड फळ आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मराठीत केशरी गराच्या भोपळ्याला तांबडा भोपळा, लाल भोपळा किंवा काशीफळ म्हणतात. काही भागांत त्याला डांगर म्हणतात. विदर्भात त्यालाच कोहळे म्हणतात. म्हणून मंडईत गेल्यावर ‘लाल भोपळा’ असे स्पष्ट म्हणावे. म्हणजे हवी तीच भाजी पिशवीत पडेल.

दुधी भोपळा आपल्या देशात फार प्राचीन काळापासून आहे. तांबडा भोपळा मात्र अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे. मेक्सिको देशातील एका गुहेत या कुळातील भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोहोचला. त्यानंतर तिकडच्या अनेक भाज्या युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर जगभर पसरल्या. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका आणि तांबडा भोपळा ही सर्व त्याच घरची मंडळी. चाकणच्या बाजारात ज्या बटाट्यांची पोती तुम्ही पाहता, तो बटाटाही मूळचा दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ भागातला. आज यांतील एकही भाजी आपल्याला परकी वाटत नाही. ज्या मातीत रुजावे, त्या मातीचे व्हावे, हा गुण या भाज्यांकडून घेण्यासारखा आहे.

भोपळा कसा निवडावा?

पिकलेल्या भोपळ्याची साल टणक असते. नख रोवून पाहिले तरी ते आत जात नाही. देठ वाळलेला असतो. असा अख्खा भोपळा थंड, कोरड्या जागी काही महिने टिकतो. म्हणून खेड्यात तो माळ्यावर ठेवून देतात. कापलेला भोपळा मात्र लवकर खराब होतो. लहान कुटुंबाने अख्खा भोपळा न घेता फोड घ्यावी. फोड घेतल्याने आतला रंगही दिसतो. गर गडद केशरी आणि घट्ट असावा. पाणी सुटलेली, बुळबुळीत फोड घेऊ नये.

मंडईतील हे बोलणे वाचा.

“मावशी, लाल भोपळा कसा दिला?”

“भाव पाटीवर लिहिलाय बघ. अख्खा घेणार का फोड?”

“अर्धा किलोची फोड द्या. जरा घट्ट गराची द्या.”

“भाजी करणार का घारगे?”

“नाही मावशी, काप करणार आहे. तळायचे नाहीत, भाजायचे.”

“मग ही फोड घे बाळा. हिचा गर जाड आहे. बिया टाकू नकोस हं. धुऊन वाळव आणि भाजून खा.”

मावशींनी सांगितले ते अगदी खरे आहे. भोपळ्याचे काहीच वाया जात नाही. बिया भाजून खाता येतात. गरापासून भाजी, भरीत, खीर होते. गूळ आणि कणीक घालून केलेले घारगे तर महाराष्ट्रात घरोघरी आवडीने खातात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कापल्यावर भोपळ्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. तो कडू लागला, तर सगळा भोपळा टाकून द्यावा. कडू भोपळा किंवा कडू दुधी पोटाला अपाय करतो. मसाला घालून कडूपणा झाकण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

साहित्य

साल व बिया काढलेला तांबडा भोपळा अर्धा किलो, तेल १ मोठा चमचा, तांदळाची पिठी २ मोठे चमचे, मीठ पाव चमचा, लाल तिखट पाव चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, अर्ध्या लिंबाचा रस.

कृती

१. भोपळा धुऊन पुसून घ्या. साल टणक असल्याने सुरी निसटण्याची भीती असते. म्हणून साल काढण्याचे आणि मोठी फोड कापण्याचे काम घरातील मोठ्या माणसाकडून करून घ्या. फोडीची सपाट बाजू खाली ठेवली, म्हणजे फोड हलत नाही.

२. गराचे बोटासारखे लांबट काप करा. प्रत्येक काप सुमारे १ सेंटिमीटर जाड आणि ६ ते ७ सेंटिमीटर लांब असावा. सर्व काप सारखे करा. लहान-मोठे झाले, तर बारीक काप जळतात आणि जाड कच्चे राहतात.

३. काप स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे करा. वरून दुसऱ्या फडक्याने हलके टिपा.

४. कोरडे काप परातीत घेऊन त्यांना तेल चोळा. मग तांदळाची पिठी भुरभुरा. प्रत्येक कापाला पिठीचा पातळ थर लागला पाहिजे. मीठ आणि तिखट आता घालू नका.

५. काप एका थरात, मध्ये थोडी जागा सोडून मांडा. एकावर एक ठेवू नका.

आता भाजण्याची तयारी. घरात विजेची भट्टी, म्हणजे ओव्हन असेल, तर ती आधी २०० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. १५ मिनिटे भाजल्यावर काप उलटा. पुन्हा १० ते १५ मिनिटे भाजा. कडा तपकिरी होऊ लागल्या, की बाहेर काढा.

पुष्कळ घरांत ओव्हन नसतो. त्याने काही अडत नाही. जाड बुडाची कढई घ्या. तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरा. त्यावर एक लहान तिवई किंवा स्टीलची रिंग ठेवा. झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. मग काप मांडलेली ताटली सांडशीने अलगद आत ठेवा. पहिली १५ मिनिटे झाकण लावा. नंतर झाकण थोडे तिरके ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल. काप एकदा उलटा. या रीतीने ३५ ते ४० मिनिटे लागतात. कढईतले मीठ गार झाल्यावर बरणीत भरून ठेवा. तेच मीठ पुढच्या वेळी भाजण्यासाठी वापरता येते.

तिसरा मार्ग आपल्या वस्तीतच आहे. पुणे परिसरात सणाच्या दिवसांत लोक नानकटाईचे पीठ मळून ते बेकरीत नेतात आणि भट्टीत भाजून आणतात. आपल्या ओळखीच्या बेकरीवाल्यांना विचारून पाहा. पाव काढून झाल्यावर भट्टी बराच वेळ गरम असते. त्यांनी परवानगी दिली, तर कापांचा ट्रेही भाजून मिळेल. भट्टीची आच जास्त असते, म्हणून तेथे काप लवकर होतात. जवळ उभे राहून लक्ष ठेवावे. ट्रे आत-बाहेर करण्याचे काम मात्र बेकरीतील कारागिरांनाच करू द्यावे.

काप भाजून झाल्यावर लगेच मीठ, तिखट आणि जिऱ्याची पूड भुरभुरा. लिंबू खाताना पिळा.

असे का?

विद्यार्थी मित्रांनो, कृती पाठ करणे सोपे असते. पण कृतीमागचे कारण कळले, तर पदार्थ बिघडत नाही.

भोपळ्यात सुमारे ९२ टक्के पाणी असते. बटाट्यात ते ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय बटाट्यात पिष्ट पदार्थ भरपूर असतात, भोपळ्यात ते कमी असतात. म्हणून भोपळ्याचे काप बटाट्याच्या कापांइतके कुरकुरीत होत नाहीत. त्यांच्या कडा खमंग होतात आणि आतला गर मऊ, गोडसर राहतो. हीच त्यांची खरी चव आहे. बटाट्याची अपेक्षा ठेवून भोपळा खाल्ला, तर भ्रमाचा भोपळा फुटेल!

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कापाच्या पृष्ठभागावर जोपर्यंत पाणी आहे, तोपर्यंत तो भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. तपकिरी रंग आणि खमंग वास येण्यासाठी त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून आपण काप आधी कोरडे करतो. तांदळाची पिठी उरलेला ओलावा शोषून घेते. काप एकमेकांना चिकटून असले, तर त्यांच्यातील वाफ तेथेच कोंडते. मग ते भाजण्याऐवजी वाफवले जातात. झाकण तिरके ठेवण्याचे कारणही हेच आहे.

मीठ शेवटी का घालायचे? चिरलेल्या काकडीला मीठ लावले, की थोड्या वेळात पाणी सुटते. भोपळ्याचेही तसेच होते. मीठ आधी लावले, तर कोरडे केलेले काप पुन्हा ओले होतात. तिखट आधी लावले, तर ते जळून कडवट लागते.

तेल अगदीच वगळले तर चालेल का? चालणार नाही. भोपळ्याच्या केशरी रंगात कॅरोटिन नावाचे द्रव्य असते. आपले शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. या जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो. कॅरोटिन शरीरात नीट शोषले जाण्यासाठी जेवणात थोडी स्निग्धता असावी लागते. एक चमचा तेल त्यासाठी पुरेसे आहे. तळण्यासाठी मात्र कढईभर तेल लागते.

काही उपयुक्त सूचना

गॅसजवळ काम करताना घरात मोठे माणूस असले पाहिजे. सैल ओढणी किंवा लांब बाह्या आवरून घ्या. गरम ताटली ओल्या फडक्याने धरू नका. ओल्या फडक्यातून उष्णता चटकन हाताला लागते.

घरी एकटे असाल, तर चूल पेटवू नका. काप सुटीच्या दिवशी, सगळे घरी असताना करा. शाळेतून आल्यावर भूक लागली, तर डब्यातली पोळी आणि भाजलेल्या बिया यांवर सहज भागते.

स्वयंपाक हे फक्त मुलींचे काम आहे, असे काही मुलांना वाटते. कारखान्यांतील उपाहारगृहांत शेकडो कामगारांचे जेवण पुरुष आचारी रांधतात. बेकरीची भट्टीही बहुतेक ठिकाणी पुरुषच सांभाळतात. तेव्हा भाऊ काप चिरून देईल आणि बहीण ताटली मांडेल, किंवा बहीण हिशेब लिहील आणि भाऊ पीठ भुरभुरवेल. भूक दोघांनाही सारखीच लागते.

हे काप गरम असतानाच चांगले लागतात. दहा-पंधरा मिनिटांत ते मऊ पडू लागतात. डब्यात तर ते मऊच होणार. म्हणून डब्यात न्यायचे असतील, तर पोळीत गुंडाळून वर चटणी लावून न्या.

आणि घरातले कोणी दुसऱ्या पाळीला गेले असेल, तर त्यांच्या वाट्याचे काप आधीच बाजूला काढा. ते झाकून ठेवा. त्यांवर मीठ-मसाला घालू नका. अब्बा मध्यरात्री घरी आले, की अम्मी तवा तापवील. तेल न घालता काप दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे शेकले, की कडा पुन्हा खमंग होतात. तुम्ही तेव्हा झोपलेले असाल. सकाळी रिकामी ताटली दिसली, म्हणजे काप कसे झाले होते ते तुम्हांला कळेलच.

शब्दार्थ

पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ
खमंग – खरपूस वासाचा, चवदार
सख्य – मैत्री
मठ्ठ – मंद बुद्धीचा
अपायकारक – नुकसान करणारे
माळा – छताखालील सामान ठेवण्याची जागा
देठ – फळ वेलीला किंवा झाडाला जोडणारा भाग
गर – फळाचा आतला मऊ भाग
भुरभुरणे – पीठ किंवा मसाला चिमटीने वरून पसरणे
तिवई – तीन पायांची घडवंची
सांडशी – गरम भांडे धरण्याचे साधन
स्निग्धता – तेलकटपणा, तुपकटपणा
शोषणे – आत ओढून घेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिंपरी-चिंचवड महानगरपालिका कोणत्या साली झाली?
(आ) दिल्लीकडे कोणत्या भाजीला ‘सीताफल’ म्हणतात?
(इ) पिकलेला भोपळा कसा ओळखावा?
(ई) कडू भोपळ्याचे काय करावे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) काप एकमेकांना चिकटून मांडू नयेत.
(आ) कापांना मीठ शेवटी लावावे.
(इ) भोपळ्याचे काप बटाट्याच्या कापांइतके कुरकुरीत होत नाहीत.
(ई) काप करताना थोडे तेल वापरावे.

प्र. ३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
भोपळा मिळणे, भ्रमाचा भोपळा फुटणे, विळ्याभोपळ्याचे सख्य असणे.

प्र. ४. तळणे, परतणे, भाजणे, शेकणे, उकडणे, वाफवणे या प्रत्येक क्रियेने तयार होणारा एक-एक पदार्थ लिहा. या क्रियांना तुमच्या घरी काय म्हणतात, तेही सांगा.

प्र. ५. तुम्ही मंडईत कांदे-बटाटे घ्यायला गेला आहात, अशी कल्पना करून भाजीवाल्या काकांशी झालेले संभाषण पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम

(१) आठवडाभर तुम्ही बाहेरच्या खाण्यावर किती पैसे खर्च केले, ते रोज वहीत लिहा. तेवढ्याच पैशांत किती भोपळा आला असता, ते मंडईतील भाव विचारून काढा.
(२) भाजण्यापूर्वी आणि भाजल्यानंतर कापांचे वजन करा. किती पाणी उडून गेले, ते काढा आणि वर्गात सांगा.
(३) तुमच्या वर्गातील मुलांच्या घरी भोपळ्याला कोणकोणती नावे आहेत, त्यांचा तक्ता तयार करून भिंतीवर लावा. प्रत्येक नावापुढे ते कुटुंब कोणत्या भागातून आले, ते लिहा.